फरक रुपये दोन

माणसाला बाप असतो हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. माझ्या बाबतीत ते डोंबिवलीतल्या आमच्या अख्ख्या चाळीला ठाऊक होतं, कारण अण्णा मला हाक मारीत ती पलीकडच्या चाळीतून ‘ओ’ आल्याशिवाय थांबत नसे. आजोबा असतात हे भिंतीवरच्या फोटोवरून कळलं. पण त्यांच्याही मागे माणसं असतात, ती ओळीने उभी असतात आणि एक दिवस कुणीतरी उठून आपल्याला त्यांची नावं विचारू शकतो, ही गोष्ट वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका छापील फॉर्मने माझ्या ध्यानात आणून दिली.

फॉर्म पुण्याच्या एका काकांनी पाठवला होता. काका म्हणजे नात्याने नक्की कोण ते मला सांगता येणार नाही. ते शोधण्यासाठीच तर फॉर्म होता. आमच्या आडनावाचे, एवढं खरं. मराठी माणूस रिटायर झाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक, सोसायटीचं सेक्रेटरी व्हायचं. दोन, कुलवृत्तांत काढायचा. काकांच्या सोसायटीला सेक्रेटरी आधीच मिळालेला असावा.

कुलवृत्तांत हा ग्रंथ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तो टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड असतो (डिरेक्टरी ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावं) आणि तिच्यासारखीच त्यात नुसती नावं असतात; फरक एवढाच, की यातली बहुतेक मंडळी फोन उचलण्याच्या पलीकडे गेलेली असतात. एका आडनावाची झाडून सगळी घराणी, मूळ पुरुषापासून परवा बारसं झालेल्या बाळापर्यंत. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव, कोण कुठे गेला, कोण कुणाला दत्तक गेला. ग्रंथ घरी आला की प्रत्येक जण आपलं पान उघडतो, आपलं नाव चुकीचं छापलं आहे याची खात्री करून घेतो आणि ग्रंथ माळ्यावर ठेवून देतो.

फॉर्ममध्ये ‘विशेष कर्तृत्व’ या सदराला दोन ओळी ठेवल्या होत्या. मी लिहिलं, ‘२००१ पासून बँकेत क्लार्क.’ सौ.नं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, “यात कर्तृत्व कसलं?”

“टिकून आहे,” मी म्हटलं.

खरी पंचाईत पुढच्या सदरात होती. ‘मूळ पुरुषापासून आपणापर्यंत वंशावळ.’ त्यासाठी नऊ चौकटी छापल्या होत्या. मी खालून भरत गेलो. मी, अण्णा, आजोबा, पणजोबा. पुढे पाच चौकटी मोकळ्या राहिल्या. दिवसभर काउंटरवर बसून मी गिऱ्हाइकांना ‘तुम्ही कोण याचा पुरावा आणा’ म्हणून परत पाठवतो. आधार आणा, पॅन आणा, दोन फोटो आणा. आणि इथे माझीच केवायसी अपूर्ण!

पणजोबांपर्यंत तरी मला कसं येत होतं? तर पितृपंधरवड्यामुळे. गुरुजी विचारतात तेव्हा तीन पिढ्यांची नावं सांगावी लागतात. शास्त्राने बाप, आजा, पणजा यांना वसू, रुद्र आणि आदित्य अशा तीन पायऱ्या दिल्या आहेत. त्याच्या वरच्या मंडळींच्या वाट्याला पिंडसुद्धा नाही, हाताला चिकटलेलं काय असेल तेवढंच. मला ही व्यवस्था ओळखीची वाटली. दहा वर्षं कुणी हात न लावलेलं खातं असलं, की त्यातली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. बुडत नाही. वारसाने कागद आणले तर परत मिळते. पण वारसाने यायला हवं!

तेव्हा अस्मादिकांनी कागद आणायचं ठरवलं.

आमच्या घराण्यात पूर्वापार एक बोलवा आहे, की आमच्या एका पूर्वजाला पेशव्यांनी सनद दिली होती. मराठी घरात पेशव्यांनी काही ना काही दिलेलं असतंच. ज्यांना त्यांनी काहीच दिलं नाही त्यांचे वंशज कुठे गेले, हा खरा संशोधनाचा विषय आहे. तीच गोष्ट पानिपताची. १७६१ साली महाराष्ट्रातल्या घराघरातला माणूस तिथे होता असं म्हणतात, ते मी मान्य करतो. पण ते सगळे हत्तीवर बसून गेले होते हे मला पटत नाही. खाली चालणारं कुणी तरी असेलच की.

सनद राजापूरजवळ आमच्या मूळ गावी, चुलतभावाच्या घरी, लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्याखाली ठेवलेली होती. दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहायचे. वाचली मात्र कुणीच नव्हती, कारण ती मोडीत होती. मी ती मागून आणली, आणि बँकेतल्या नोकरीला साजेसा निर्णय घेतला: वाचायच्या आधी कोर्स करायचा.

मोडीबद्दल थोडं सांगायला हवं. ही लिपी लिहिताना आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं सोडत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही. थोडक्यात, आमच्या एका जुन्या मॅनेजरसाहेबांची सही पानभर चालू ठेवली तर जे होईल ते. १७७३ साली नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या वेळी ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती खरी की खोटी यावर जाणकारांत मतभेद आहेत. मी आठ रविवार मोडीच्या वर्गाला जाऊन आल्यावर मला आश्चर्य एवढंच वाटतं, की बाकीच्या अक्षरांचं काहीच कसं झालं नाही!

आणि या लिपीतले कागद किती असावेत? एकट्या पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, ज्यात कागदांचा गठ्ठा बांधतात तो. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले वेचक कागद निवडून छापले, तर त्याचेच ४५ खंड झाले. त्याच्या आधी वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं गोळा करीत होते. १८९८ मध्ये त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे २२ खंडांपर्यंत मजल मारली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं त्यातही तेच पुढे होते. राजवाडे आमच्या मूळ गावी आले असते तर देव्हाऱ्याखालच्या कागदाचा निकाल तेव्हाच लागला असता आणि आमचं शंभर वर्षांचं हळदकुंकू वाचलं असतं.

आठ रविवारांनंतर मला कागदावरचा ‘श्री’ स्वच्छ वाचता येऊ लागला. बाकीचं वाचायला मी आमच्या मोडीच्या सरांकडे गेलो. सरांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि सुरुवात केली. शके १७५२. म्हणजे १८३०. तोवर पेशवाई बुडून बारा वर्षं झाली होती. सनदेचा निकाल पहिल्याच ओळीत लागला. पुढे सर वाचत गेले आणि माझा चेहरा उतरत गेला. आमच्या पूर्वजाने गावातल्या एका सावकाराकडून ७५ रुपये घेतले होते. व्याज दरमहा दर शेकडा एक रुपया. तारण घरामागची नारळाची सात झाडं.

वाचकहो, मी त्या वेळी शाखेत कर्जवसुलीच्या टेबलावर होतो. दिवसभर थकबाकीदारांना नोटिसा लिहायच्या आणि रात्री घरी येऊन आपण थकबाकीदाराचे वंशज आहोत हे उशाशी घेऊन झोपायचं. सौ.ला सांगितलं, तर ती “तरीच!” एवढंच म्हणाली. आठवडाभर मी नोटिसांची भाषा जरा सौम्य ठेवली.

मग एका दुपारी एक शेतकरी काउंटरवर आला. ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं होतं, कागद परत न्यायला आला होता. मी फाइल काढली, त्याची सही घेतली, कागद त्याच्या हातात दिले आणि हात तसाच हवेत राहिला. अरे, कर्ज फिटल्याशिवाय कागद परत देतो कोण? कर्जरोखा सावकाराकडे असायचा. तो आमच्या देव्हाऱ्याखाली कसा आला? तिथूनच सरांना फोन लावला. म्हटलं, “सर, कागद उलटा करा.” पाठीमागे कोपऱ्यात दोन ओळी होत्या, डाग समजून आम्ही सोडून दिलेल्या. सरांनी वाचल्या. त्यात शेवटचे शब्द होते, ‘भरून पावलो.’

पेशव्यांची सनद असती तरी मला एवढा आनंद झाला नसता. सात झाडं सोडवून घेतली होती गड्याने!

यशाने माणूस बिघडतो. आता मला पाचही चौकटी भरायच्या होत्या. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी नावाचे लोक आहेत, ते गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी सांगतात. पण आमच्या कोकणात त्यांचा फेरा नाही. कुणीतरी सांगितलं, त्र्यंबकेश्वरला जा. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे यात्रेकरूंच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं, की तुमच्या घरातलं कोण कधी आलं, बरोबर कोण होतं, मुलं किती, सगळं निघतं, खाली त्याची सही. म्हणजे आमच्या बँकेतलं स्पेसिमेन सिग्नेचर कार्डच. फक्त खातेदार वर गेल्यावरही खातं चालू.

उपाध्यांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आत गेले आणि आमची कॉम्प्युटर सिस्टिम चालू व्हायला जेवढा वेळ घेते त्याच्या निम्म्या वेळात वही घेऊन बाहेर आले. लांबट पानं, कडा जीर्ण झालेल्या. पणजोबा निघाले. त्यांचे वडील निघाले. त्यांचे तीन भाऊ निघाले, जे आम्हाला मुळी ठाऊकच नव्हते. १९३८ साली आजोबा येऊन गेले होते, मोडीत सही. मी एकेक नाव उतरवून घेत होतो. दोन चौकटी भरल्या. आणि मग उपाध्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, “हे तुमचे वडील का?”

अण्णांचीच सही होती. खाली दोन ठिपके. ते ठिपके मी माझ्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिले आहेत. तारीख २ जून १९७४.

इथे आमच्या अण्णांची ओळख करून द्यायला हवी. फोर्टमधल्या एका ऑफिसात ते अकाउंट्सला होते. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं, पण जाणं-येणंही नव्हतं. आई देवळात जायची तेव्हा ते बाहेर चपला सांभाळत उभे राहायचे. हा माणूस मुद्दाम वाकडी वाट करून त्र्यंबकला गेला, वहीत सही केली, आणि घरात कुणाला एका शब्दाने बोलला नाही?

“विधी कुठला केला होता?” मी विचारलं.

उपाध्यांनी पान पाहिलं. “विधी काही दिसत नाही. नुसतेच येऊन गेलेत.”

खरं तर त्याच सुमारास माझं दुसरं एक काम अडलं होतं. काकांनी फॉर्मबरोबर ‘आपल्या आठवणी पुढील पिढीसाठी दोन पानांत लिहून पाठवाव्या’ असंही कळवलं होतं. आठवणी लिहिणं सोपं असतं असं मला वाटत असे. विष्णुभट गोडसे वरसईकर घरची ओढाताण मिटावी म्हणून उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले, नेमके १८५७ च्या बंडात सापडले, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि परतले ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासूनची. या मंडळींना लिहायला काही तरी घडलेलं होतं. मी ‘माझा जन्म १९७८ साली डोंबिवलीत झाला’ असं लिहिलं आणि पुढे ‘तेव्हापासून तिथेच आहे’ असं लिहून थांबलो. आमची कन्या म्हणाली, “बाबा, तू आजोबांच्या वह्या बघ ना. त्यात असेल काही तरी.”

आजोबांच्या वह्या म्हणजे अण्णांचे हिशेब. दोनशे पानी वह्या, एकूण पंचेचाळीस. १९६७ पासून २०१२ साली ते जाईपर्यंत रोजचा जमाखर्च, एक दिवस चुकवलेला नाही असा त्यांचा दावा. मी त्या कधी उघडल्या नव्हत्या. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब पाहिल्यावर घरी येऊन बापाचे हिशेब कोण पाहील?

त्र्यंबकहून आल्यावर उघडल्या आणि रात्रीचे दोन वाजले. काय नव्हतं त्यात! १९७३ च्या पानांवर रेशनचा ‘मिलो’ आहे. दुष्काळात अमेरिकेहून आलेला तो तांबडा जोंधळा आईला अजून आठवतो आणि आठवला की ती तोंड वाकडं करते. २६ जून १९७५, देशात आणीबाणी जाहीर झालेला दिवस: कोथिंबीर १० पैसे, ब्लेड ३५ पैसे. २६ जून १९८३, आदल्या रात्री कपिलदेवने वर्ल्ड कप जिंकलेला: पेढे, पाव किलो. अण्णांनी इतिहासाची दखल घेतलेली ही एकच जागा. माझ्या जन्माच्या दिवशी एकूण खर्च ४१ रुपये ६० पैसे, खाली दोन रेघा. महिनाअखेरीला तेरीज, आणि दर महिन्याला बाजूला हिरव्या शाईत ‘जुळले’. पाचशेहून अधिक महिने, ‘जुळले, जुळले, जुळले.’

फक्त मे १९७४ सोडून.

१९ मे पर्यंत सगळं नेहमीचं. २० मे: एस.टी. ठाणे–नाशिक. २१ मे: ट्रक, नाशिक–मालेगाव, ५ रुपये. एस.टी. चाळीसगाव. एस.टी. पाचोरा. टांगा. चहा ३० पैसे. मग २२ ते ३१ मे, दहा दिवस पान कोरं. आणि तळाशी लाल शाईत, ‘फरक २.००’.

मी नोकरीला लागलो तेव्हा माझी पहिली शाखा खेड्यातली होती आणि तिथे हाताने लिहायच्या लेजरांचे शेवटचे दिवस चालू होते. आमचे हेडकॅशिअर सांगत, की पूर्वी दहा पैशांच्या फरकासाठी सगळी शाखा रात्री बारापर्यंत बसायची. दहा पैसे खिशातून टाकून घरी जाणं हा गुन्हा होता. पैसे महत्त्वाचे नव्हते, ते कुठे गेले हे महत्त्वाचं होतं. हे ज्याच्या अंगात भिनलं त्याला झोप येत नाही. सौ. उठून आली, म्हणाली, “किती रुपयांचा प्रश्न आहे?” मी सांगितलं. तिने पर्समधून नाणं काढून वहीवर ठेवलं. “हे घ्या दोन रुपये, आणि झोपा.”

पाचोरा हे आईचं माहेर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती, मी वही घेऊन समोर बसलो.

“आई, ७४ च्या मेमध्ये अण्णा पाचोऱ्याला ट्रकने का गेले होते?”

“रेल्वेचा संप होता.”

ते बरोबरच होतं. ८ मे १९७४ पासून वीस दिवस देशभरातले सुमारे १७ लाख रेल्वे कामगार संपावर होते. जॉर्ज फर्नांडिस पुढारी. शाळेत आम्हाला यावर चार मार्कांचा प्रश्नसुद्धा नव्हता. कल्याणहून पाचोरा एरवी एका गाडीचा प्रवास; संपात मिळेल ते वाहन पकडून जायचं.

“पण संपात जाण्याइतकी काय घाई होती?”

आईने एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

“तार केली होती दादांनी. ती आजारी होती.”

“ती कोण?”

“तुझ्या आधीची.”

मी काही बोललो नाही. बँकेत एखादा मोठा आकडा अचानक समोर आला की आधी चष्मा काढून पुसतात, तसा मी पुसला.

आईच सांगत राहिली, मेथीकडे बघत. फेब्रुवारीत झाली होती. बारशाला अण्णा येऊन गेले होते, त्यांनीच नाव सुचवलं. मेमध्ये जुलाब लागले, तीन दिवसांत आटपलं सगळं. “हे पोचले तेव्हा दुपार झाली होती. आदल्या रात्रीच गेली. टांग्यातून उतरले, मी दारात होते, माझ्याकडे बघितलं आणि काय ते समजले. दहा दिवस राहिले. बोलले असतील चार वाक्यं.”

“मला कधीच सांगितलं नाहीत तुम्ही.”

“तू कधी विचारलंस?”

हे खरं होतं. मी १८३० सालापर्यंत जाऊन आलो होतो, मोडी शिकलो होतो, एका सावकाराचं अक्षर लावून घेतलं होतं. आई पन्नास वर्षं त्याच घरात मेथी निवडत होती.

मग मी तिला त्र्यंबकचं सांगितलं. वहीतलं पुढचं पान उघडून दाखवलं: २ जून, नाशिक रोडला उतरून बस, दक्षिणा सव्वा रुपया. तिचा हात थांबला.

“त्र्यंबकला? हे?”

“सही आहे त्यांची. विधी नाही केला काही.”

“एवढ्या तान्ह्याचं काही करायचं नसतंच,” ती म्हणाली. “मला म्हणाले, रजा संपली, जातो.” बराच वेळ ती गप्प होती. मग तिने वही हातात घेतली आणि डोळ्यांपासून लांब धरून ती ओळ स्वतः वाचली. दोनदा वाचली.

मला वाटतं कुठल्याही शहाण्या मुलाने इथे उठून आईला चहा करून दिला असता. पण माझ्यातला क्लार्क मला उठू देईना. मी विचारलं, “आणि आई, हे दोन रुपये?”

“कुठले?”

“मेमध्ये फरक आहे. दोन रुपये खर्च झालेत, पण कशावर ते लिहिलेलं नाही.”

आईने लाल शाईकडे पाहिलं. “झबलं,” ती लगेच म्हणाली. “नाशकात गाडीची वाट बघत होते तिथे घेतलं. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून. पिशवीत तसंच होतं, वर दुकानाची चिठ्ठी. वर्षाच्या पोराच्या मापाचं आणलं होतं. मोठं घेतलं म्हणजे पुढे पुरेल, असा त्यांचा हिशेब.”

“मग त्याचं काय केलंत?”

“तुला घातलं,” आई म्हणाली. “नवंच होतं. वाया कशाला घालवायचं?”

घरात माझा वर्षाचा असतानाचा एकच फोटो आहे. त्यात मी एका पांढऱ्या झबल्यात मोठ्या रुबाबात बसलो आहे. आमच्या धाकट्या बंधूंवर मी थोरलेपणाच्या जोरावर आयुष्यभर जो अधिकार गाजवला त्याची सुरुवात त्याच फोटोपासून झाली, असं मी मानत आलो होतो.

कन्येने सुचवलं, की आजीला मोबाइलवर रेकॉर्ड करू या. केलं. मोबाइल समोर धरल्याबरोबर आईने पदर सारखा केला आणि आकाशवाणीवर बातम्या देतात तशा आवाजात ‘माझे बालपण अत्यंत सुखात गेले’ असं सांगितलं. तेव्हा आता तो नाद सोडून मी एक दोनशे पानी वही आणली आहे. ती भाजी निवडत असली की मी समोर बसतो. मिलोची भाकरी कशी थापता थापता तुटायची, पहिला गॅस कधी आला, चाळीतल्या नळावर कुणाचं कुणाशी पटत नसे, सगळं. काकांना हवी तशी दोन पानं होतील की नाही, माहीत नाही. सध्या एकाहत्तराव्या पानावर आहे.

फॉर्मही भरून पाठवला. अण्णांच्या ‘अपत्ये’ या सदरात पहिल्या क्रमांकावर तिचं नाव लिहिलं. मी दुसरा झालो. ते नाव इथे लिहीत नाही. जिथे लिहायचं होतं तिथे लिहिलं आहे. चार दिवसांनी काकांचा फोन आला.

“अरे, लहानपणी गेलेली अपत्यं आपण घेत नाही. पानं वाढतात.”

“किती वाढतील?”

“किती म्हणजे? त्या काळात प्रत्येक घरात दोन-तीन तरी असायचीच. सगळीच घ्यायची म्हटली तर दुसरा खंड काढावा लागेल.”

“काढा,” मी म्हटलं. “मी वर्गणी देतो.”

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग काका “बघतो” म्हणाले आणि फोन ठेवला. अजून बघताहेत.

एक काम तेवढं राहिलं होतं. दुसऱ्याच्या लेजरात आपण नोंद करायची नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. करावीच लागली तर शाई वेगळी हवी आणि शेजारी अधिकाऱ्याची सही हवी. मी निळं पेन घेतलं आणि अण्णांच्या लाल शाईखाली लिहिलं, ‘झबलं १ नग, २.००’. आणि वही आईपुढे धरली.

“इथे सही कर.”

“कशाची? पेन्शनची का?”

“नाही. अण्णांच्या हिशेबाची.”

तिने चष्मा लावला. बँकेत करते तशी, एकेक अक्षर सुटं काढत, पूर्ण नावाची सही केली. मग पान उलटून पाहिलं.

“जूनचा जुळतोय ना?”

“जुळतोय.”

“मग झालं,” असं म्हणून ती मेथी घेऊन आत गेली.